लकव्यानंतर घरचं वडीलधारं माणूस रोज काय काय स्वतः करतं: नोंद घेण्याची रीत

लालबागच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आजोबांच्या डिस्चार्ज पेपरवर ‘बार्थेल ७५’ असं लिहिलेलं होतं, म्हणजे रोजची कामं स्वतः करण्याचे शंभरपैकी पंचाहत्तर गुण. दहा दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले, सकाळी सातपासून दुपारच्या जेवणापर्यंत बसले, तर माझ्या वहीत आकडा आला ५५. हॉस्पिटलवाल्यांनी चुकीचं काही लिहिलं नव्हतं. तिथे पलंगाला कठडा होता, कमोडजवळ धरायला दांडा होता, फरशी सपाट आणि कोरडी होती. घरी पलंग गुडघ्याच्याही खाली, मोरीला वीतभर उंच कट्टा, आणि संडास गॅलरीच्या पार टोकाला, सामायिक, उकिडवं बसायचा. माणूस तोच. घर बदललं आणि वीस गुण गळाले.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारानंतर माणसाला रोजची कामं पुन्हा स्वतः करता यावीत यासाठी मदत करणारी. बहुतेक घरांत मला ‘फिजिओवाल्या मॅडम’च म्हणतात, आणि मी आता दुरुस्तही करत नाही, जरी या विषयाचं भारतातलं शिक्षण १९५० साली याच मुंबईत, केईएम हॉस्पिटलमध्ये कमला निंबकरांनी सुरू केलं असलं तरी. घरच्यांना आणि नव्याने या कामात आलेल्या मुलामुलींना उपयोगी पडावं म्हणून ही रीत लिहिते आहे. डॉक्टरांच्या तपासणीची जागा ती घेत नाही. पण पुढच्या भेटीत डॉक्टर ‘कसं चाललंय?’ विचारतील तेव्हा ‘ठीक आहे’ याच्यापलीकडे सांगायला तुमच्याकडे काहीतरी असेल.

एकच गोष्ट आधी मनात पक्की करा. प्रश्न ‘करू शकतात का?’ असा नाही. प्रश्न ‘करतात का?’ असा आहे. आजोबा शर्ट घालू शकतात, पण सुनेला डबा भरायची घाई असते म्हणून तीच घालून देते. मग कागदावर ‘मदत लागते’ हेच लिहायचं, आणि शेजारी कारण लिहायचं. ते कारण पुढे फार कामाचं ठरतं.

आधी मागचं विचारा

लकव्याच्या आदल्या आठवड्यात हे माणूस काय काय करत होतं, ते सगळ्यात आधी लिहून घ्या. ऐंशी वर्षांच्या आजींचे गुडघे दहा वर्षांपासून दुखत असतील आणि त्या जिना उतरतच नसतील, तर जिन्याचे शून्य गुण लकव्याच्या नावावर टाकून चालत नाही. मोतीबिंदू, कमी ऐकू येणं, प्रोस्टेटमुळे रात्री चारदा उठणं, आधीपासूनचा विसराळूपणा, सगळं नोंदवा. मी एक मोघम प्रश्न हमखास टाळते: ‘आधी सगळं करायचे ना?’ याला प्रत्येक घरात ‘हो, एकदम ठणठणीत होते’ हेच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा: दूध कोण आणायचं? शेवटचे बाजारात एकटे कधी गेले? पेन्शन काढायला बरोबर कोण जायचं?

वेळ आणि माणसं

फिजिओ येऊन गेल्यावर लगेच नोंद घेऊ नका. माणूस दमलेलं असतं, आणि लकव्यानंतरचा थकवा साध्या दमण्यासारखा नसतो, तो झोपूनही जात नाही. सकाळी आणि संध्याकाळी खूप फरक पडत असेल तर दोन्ही वेळा पाहा. चष्मा, कवळी, कानाचं यंत्र जागेवर आहे ना, बघा. मी एकदा अर्धा तास एका काकांना ‘सूचना समजत नाहीत’ असं लिहीत बसले होते. त्यांचं कानाचं यंत्र कपाटात होतं.

कोणासमोर विचारता, हेही पाहा. सासऱ्यांच्या आंघोळीचं सुनेसमोर विचारलं तर दोघंही संकोचतात आणि ‘करतात हो सगळं’ म्हणून विषय संपतो. ते मुलाला किंवा ब्युरोकडून शुश्रूषेला येणाऱ्या मामांना बाजूला घेऊन विचारायचं. रात्रीचं, म्हणजे कितीदा उठवावं लागतं, चादर किती वेळा बदलली, हे रात्री जवळ झोपणाऱ्यालाच ठाऊक असतं. आणि या सगळ्यात ज्यांची नोंद चालली आहे त्या माणसाला आधी विचारा. त्यांच्या डोक्यावरून पलीकडे बोलू नका.

दहा गोष्टी, दिवसाच्या ओघात

बार्थेल इंडेक्स हे मोजमाप १९६५ साली अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये छापलं गेलं. त्यात रोजच्या दहा गोष्टी आहेत आणि एकूण गुण १००. गुण पाचाच्या पटीत द्यायचे, मधले नाहीत. काठी, वॉकर, कमोड खुर्ची वापरली तरी गुण कापायचे नाहीत. दुसरं माणूस लागलं की कापायचे. ‘हं, आता डावा पाय टाका’ असं शेजारी उभं राहून सांगावं लागणं हीसुद्धा मदतच. फॉर्म घेऊन वरून खाली प्रश्न विचारत बसू नका, सकाळपासून बरोबर राहा.

पलंगावरून उठून शेजारच्या खुर्चीत बसणं याला १५ गुण. थोडा आधार किंवा नुसती सूचना लागली तर १०, एक-दोन माणसांनी उचलावंच लागलं पण नंतर स्वतः बसता येतं तर ५, बसवल्यावर कलंडत असतील तर ०. इथे घरच्यांचा एक हात हमखास चुकीच्या जागी जातो: लुळा हात धरून ओढतात. खांद्याचा सांधा त्याने निखळल्यासारखा होतो आणि पुढचे कित्येक महिने दुखतो. आधार कमरेला द्यायचा. पलंग फार खाली असेल तर पायांखाली भक्कम ठोकळे देऊन उंच करून पुन्हा पाहा. कित्येकदा १० चे १५ तिथेच होतात.

शौच आणि लघवीवरचा ताबा, प्रत्येकी १०. अधूनमधून चुकत असेल तर ५. लघवीला नळी असेल आणि ती पिशवी स्वतः सांभाळता येत नसेल तर ०. डायपर घातलेला आहे म्हणून आपोआप ० देऊ नका, तो कशासाठी घातलाय ते विचारा. मी पाहिलेल्या निम्म्या घरांत तरी तो ताबा नाही म्हणून नसतो. रात्री उठवायला माणूस नाही, म्हणून असतो.

संडासाला जाणं हा निराळा मुद्दा, त्याचे १०: जाणं, कपडे सोडणं, स्वच्छ करणं, परत कपडे. मुंबईतल्या चाळीत आणि जुन्या बैठ्या वस्त्यांत खरी परीक्षा हीच. सामायिक संडासाला जाता येत नाही म्हणून घरातच खोलीच्या कोपऱ्यात कमोड खुर्ची येते, भोवती साडीचा पडदा. खुर्चीवर स्वतः बसून सगळं आटोपलं आणि फक्त भांडं दुसऱ्याने टाकलं, तर तेवढी मदत धरून मी ५ देते. आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही ती विचारा. डावी बाजू गेली असेल तर धुवायचं कोणत्या हाताने? जेवायचा हात त्या कामाला लावायला अनेकांचा जीव धजत नाही, आणि ते ‘जमत नाही’ एवढंच सांगतात. जेट स्प्रे बसवला की निम्मी अडचण सरते.

तोंड धुणं, दात घासणं, केस विंचरणं, दाढी, मिळून ५ किंवा ०. आंघोळीलाही ५ किंवा ०. कुणी पाणी काढून दिलं तर हरकत नाही, पण अंगावर ओतायला, पाठ चोळायला किंवा नुसतं पडू नयेत म्हणून उभं राहायला माणूस लागत असेल तर ०. मोरीच्या कट्ट्यावरून पाय टाकताना आणि ओल्या फरशीवर वळताना जास्त लक्ष ठेवा.

कपडे, १०. निम्मं स्वतः केलं तर ५. इंग्रजी फॉर्ममध्ये बुटाच्या नाड्या आणि झिपा आहेत. आपल्याकडे प्रश्न पायजम्याच्या नाडीचा, ब्लाउजच्या हुकांचा आणि निऱ्यांचा. आजी आता गाउन घालतात आणि तो स्वतः घालतात, तर १० द्या, पण शेजारी लिहा: ‘नऊवारी सुटली’. साठ वर्षं नेसलेलं लुगडं सुटलं, याचा गुण कुठल्याच तक्त्यात नाही.

जेवण, १०. वाढून दिलेलं स्वतः जेवलं तर पूर्ण, पोळी मोडून द्यावी लागली तर ५, भरवावं लागलं तर ०. लालबागच्या आजोबांचा उजवा हात गेलेला. डाव्या हाताने जेवायची लाज वाटायची, म्हणून घरात पाहुणे असले की सून भरवायची. डाव्या हातात चमचा दिल्यावर ती लाज बरीच गेली. वरणभात ते स्वतः खाऊ लागले, पोळी मात्र मोडून द्यावी लागते. पाणी किंवा चहा पिताना ठसका लागतो का, आवाज घोगरा-ओलसर होतो का, तेही इथेच पाहा. तसं असेल तर गुण राहू द्या बाजूला. गिळण्याची तपासणी होईपर्यंत घाईने काही भरवू नका, अन्न फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो.

चालणं, १५. साधारण ४५ मीटर, काठीने चाललं तरी पूर्ण गुण. एका माणसाचा आधार लागला तर १०, स्वतः व्हीलचेअर चालवत असतील तर ५. दहा बाय बाराच्या खोलीत हे कळणारच नाही, गॅलरीत न्या, पण चपला, बादल्या आणि सायकली आधी हलवा. शेवटी जिना, १०. आधार किंवा सूचना लागली तर ५. चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी लुळा, हे डोक्यात बसेपर्यंत सूचना लागतेच. ज्या इमारतीत लिफ्ट महिन्यातून आठ दिवस बंद असते, तिथे ‘लिफ्ट आहे’ म्हणून जिना सोडून देऊ नका.

आता आजोबांची बेरीज: जेवण ५, आंघोळ ०, तोंड-दाढी ५, कपडे ५, शौच १०, लघवी ५, संडास ५, पलंग-खुर्ची १०, चालणं १०, जिना ०. एकूण ५५. बेरजेपेक्षा मला ओळी महत्त्वाच्या वाटतात. हॉस्पिटलच्या ७५ मधून जे वीस गळाले, ते लघवी, संडास, पलंग आणि चालणं या चार ओळींत पाच-पाच करून गळाले होते. म्हणजे काम कुठे करायचं ते कागदानेच सांगितलं.

ताटाची डावी बाजू

बार्थेलला जे दिसत नाही, ते आता पाहायचं. मेंदूच्या उजव्या बाजूला मार बसला की काही जणांचं डावीकडचं जगच हरवतं. डोळे पाहतात, पण लक्ष तिकडे जात नाही. यासाठी माझी आवडती परीक्षा आपलं जेवणाचं ताट. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आपण डावीकडे वाढतो, भाजी-आमटी उजवीकडे. गिरगावातल्या एक आजी रोज सुनेवर चिडायच्या, ‘कोशिंबीर वाढत नाहीस’ म्हणून. कोशिंबीर ताटात जशीच्या तशी असायची. ताट अर्धं फिरवलं की त्यांना ती ‘सापडायची’. घरात त्यावरून महिनाभर अबोला होता.

अर्ध्याच गालाची दाढी, गाउनची डावी बाही रिकामी लोंबणं, पेपरची ओळ मधूनच वाचणं, दाराच्या डाव्या चौकटीला आपटणं, या सगळ्या त्याच खुणा. कोऱ्या कागदावर आडवी रेघ मारा आणि ‘मधोमध खूण करा’ म्हणा. खूण उजवीकडे बरीच सरकली तर थेरपिस्टला सांगा. अशा माणसाचे बार्थेलला ९० गुण असले तरी त्यांना एकटं रस्त्यावर सोडायचं नाही.

बोलणं गेलं असेल तर ‘हो-नाही’ वर विसंबू नका. काही जण प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणतात. खरं नाव घेऊन विचारा, मग खोटं नाव घेऊन विचारा. दोन्हीला ‘हो’ आलं, तर आधीची सगळी उत्तरं बाद. मग वस्तू दाखवा, हाताने खुणा करा, आणि एका वेळी एकच गोष्ट बोला. बोलता येत नाही म्हणजे समजत नाही असं धरून त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल काहीही बोलणारे नातेवाईक मी फार पाहिले. वाचाउपचारासाठी वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे. हातापायांच्या पुनर्वसनासाठी हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्था आहे.

मन. लकव्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला कधी ना कधी नैराश्य येतं. ‘हट्टीपणा करतात, व्यायाम करत नाहीत’ ही तक्रार ऐकली की मी दोन आठवड्यांचं विचारते: झोप, भूक, टीव्हीवरच्या आवडत्या मालिकेत मन लागतं का, कारणाशिवाय रडू येतं का. ‘आता जगून काय करू’ असं बोलत असतील तर ते बोलणं म्हातारपणाच्या खाती टाकू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

उंबऱ्याबाहेरचं

स्वतःचं अंग सांभाळणं जमलं म्हणजे घर सांभाळणं जमलं असं नाही. यासाठी लॉटन यांची १९६९ ची यादी वापरतात. त्यात आठ कामं आहेत: फोन, खरेदी, स्वयंपाक, घर आवरणं, कपडे धुणं, प्रवास, औषधं आणि पैसे. त्या काळी पुरुषांसाठी स्वयंपाक, घरकाम आणि कपडे हे तीन मुद्दे वगळतच असत. आपल्या घरांतही ‘बाबा चहा करत नाहीत’ यात लकव्याचा दोष कितपत, ते मागची नोंद पाहूनच ठरवा.

मी औषधं आणि पैसे यांवर जास्त वेळ घालवते. गोळ्यांची पिशवी पुढ्यात ठेवा आणि ‘आज रात्रीच्या गोळ्या काढा’ म्हणा. रक्त पातळ करणारी गोळी दोनदा घेतली गेली किंवा राहून गेली, तर परिणाम गंभीर होतात. पैशांसाठी पाचशेची नोट देऊन दूध-भाजीचा हिशेब विचारा. फोनवर ओटीपी मागणाऱ्याला काय सांगाल, तेही विचारून बघा. उजवा हात गेला असेल तर बँकेत सही जुळत नाही, आणि नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याच्या वेळी तारांबळ उडते. बँकेत आधीच जाऊन अंगठ्याची किंवा नव्या सहीची नोंद करून घ्या.

प्रवासासाठी घड्याळ लावा. खुर्चीतून उठून ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या निकषाप्रमाणे याला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. शेजारी हात पुढे करून उभे राहा, पण धरू नका. चालण्याचा वेग सेकंदाला ०.४ मीटर असेल तर बारा मीटरचा रस्ता ओलांडायला ३० सेकंद लागतात. आपल्या नाक्यावरचा सिग्नल किती वेळ हिरवा असतो, ते एकदा स्वतः उभं राहून मोजा.

एका आकड्यात सांगायचं तर

न्यूरॉलॉजिस्ट बहुधा रँकिन विचारतात, म्हणजे माणूस एकूण किती परावलंबी आहे ते सांगणारा एकच आकडा, ० ते ६. काहीच त्रास नाही तर ०. किरकोळ त्रास, पण आधीचं सगळं करतात तर १. आधीचं सगळं जमत नाही, पण स्वतःचं स्वतः बघतात तर २. थोडी मदत लागते, पण माणसाच्या आधाराशिवाय चालतात तर ३. आधाराशिवाय चालता येत नाही आणि अंगाचं करायलाही माणूस लागतं तर ४. अंथरुणाला खिळलेले, सतत शुश्रूषा लागते तर ५. सहा म्हणजे मृत्यू. गोंधळ होतो तो ३ आणि ४ मध्ये, आणि तो ‘कुणी धरल्याशिवाय चालतात का?’ या प्रश्नाने सुटतो. काठीचा आधार चालतो, माणसाचा नाही.

यातला कुठलाही आकडा म्हणजे अपंगत्वाची टक्केवारी नव्हे. ‘बार्थेल ५५ म्हणजे ४५ टक्के ना?’ हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो. नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे टक्केवारी सरकारी वैद्यकीय मंडळ वेगळ्या निकषांवर ठरवतं, आणि बहुतेक सवलतींसाठी ती किमान ४० लागते. अर्ज यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या, स्वावलंबन पोर्टलवर करायचा. तुमची वही तिथे गुण मिळवून देणार नाही, पण ‘रोज काय अडतं?’ याचं उत्तर अडखळणार नाही.

पुन्हा कधी

सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी, मग तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात वेगाने होते. त्याच घरात, शक्यतो त्याच वेळी, त्याच माणसाने नोंद घ्यावी. मध्येच गुण एकदम घसरले, तोंड वाकडं झालं, बोलणं बोबडं झालं, हात गळाला, तर नोंद घेत बसू नका. वेळ टिपा आणि १०८ ला फोन करा. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

लालबागच्या आजोबांची तिसऱ्या महिन्याची बेरीज ७० झाली. पलंगाखाली ठोकळे आले, तो मुद्दा १५ वर गेला. रात्री उशाशी युरिन पॉट ठेवला, लघवीचे १० झाले. नाडीऐवजी इलॅस्टिकचा पायजमा आला, कपड्यांचे १०. रँकिन मात्र ४ वरच आहे, कारण गॅलरीत अजून मुलाचा आधार लागतो. जिना ०. तीन महिने ते खाली उतरलेले नाहीत, दवाखान्यात न्यायचं तर खुर्चीत बसवून चौघं उतरवतात. आता दुपारी तीनला, मुलं शाळेतून यायच्या आधी जिना मोकळा असतो, तेव्हा रोज सहा पायऱ्या उतरायच्या आणि सहा चढायच्या, असं ठरलंय. कठडा उतरताना डाव्या हाताला येतो, ते बरं झालं. चढताना तो उजव्या हाताला येणार, म्हणून दुसऱ्या बाजूच्या भिंतीला पाइप ठोकायला चाळ कमिटीची परवानगी मागितली आहे.